भगोरिया, महेश्वर आणि गेर: आधी तारखा, मग खोली, मग गाडी

तुमचा प्रश्न असा की होळीच्या सुमारास नाशिकहून येऊन पाच दिवसांत भगोरिया (आदिवासी भागातले होळीआधीचे बाजार), मांडू, महेश्वर आणि इंदूरची गेर (रंग उडवत निघणारी मिरवणूक) हे सगळं कॅमेऱ्यात घ्यायचं आहे, तर फोटो-टूरचं पॅकेज घ्यावं की सगळं आपलं आपण बुक करावं. मी इंदूरचाच, आणि मी म्हणेन आपलं आपणच करा. पॅकेजात वेळ गटाची असते. ऐन उजेड चांगला पडलेला असताना निघायची हाक येते.

पण बुकिंगच्या आधी कॅलेंडर उघडा. भगोरियाचे बाजार होळीच्या आधीच्या आठवड्यात भरतात आणि होळीबरोबर संपतात. गेर निघते रंगपंचमीला, म्हणजे धुळवडीनंतर चौथ्या दिवशी. पाच दिवसांत दोन्ही नीट बसत नाहीत. आठ दिवसांची रजा काढा, नाहीतर दोन्हींतलं एकच निवडा. मांडू या खेपेला सोडून द्या. तिथल्या जहाज महालाची खरी शोभा मुंज आणि कपूर हे दोन्ही तलाव भरलेले असताना, म्हणजे पावसाळ्यात. त्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वेगळं या.

भगोरिया एका ठिकाणी होत नाही, ज्या गावाचा जो आठवडी बाजाराचा वार, त्या वारी तिथला भगोरिया. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी, खरगोन अशा जिल्ह्यांत पसरलेलं आहे ते. त्यामुळे आधी वारांची यादी मिळवा (होळी जवळ आली की आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत छापून येते), नकाशावर मांडा, आणि रोज एकच बाजार धरा. दोन बाजार धरले तर दिवस गाडीतच जातो. गर्दी दुपारी असते, तेव्हा ऊन कडक आणि सावल्या काळ्या. म्हणून सकाळी लवकर पोहोचा, लोक गावात शिरत असतात, मांदळ, ढोल उतरवले जात असतात, तेव्हाचे फोटो मला दुपारच्या नाचापेक्षा जास्त आवडतात. आणि एक कळकळीने सांगतो: हा भिल आणि भिलाला या आदिवासींचा होळीचा बाजार आहे. पळून जाऊन लग्न लावण्याच्या ज्या गोष्टी बाहेर रंगवल्या जातात, त्यांचा तिथल्या लोकांना मनापासून राग येतो. मुलींचे तोंडाजवळ लेन्स नेऊन फोटो काढू नका. विचारा, नाही म्हटलं तर पुढे चला.

आता मुक्काम. नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्याने येताना धामनोद इंदूरच्या आधी लागतं आणि तिथून महेश्वर अगदी जवळ. थेट इंदूर गाठू नका, धामनोदला उतरून महेश्वरलाच पहिला तळ करा. धार, बडवानीकडचे बाजार तिथून करता येतात. अलीराजपूरच्या आतल्या भागात जायचं असेल तर मात्र एक रात्र तिकडेच काढा, आणि ती खोली सर्वांत आधी पक्की करा, कारण तिथे हॉटेलं मोजकी.

महेश्वरला खोली घेताना एसी, टीव्ही नंतर बघा. घाटापर्यंत पायी किती मिनिटं, ते आधी. फोनवर सरळ विचारा: पहाटे पाचला मला बाहेर पडायचं आहे, दार उघडून मिळेल ना? बऱ्याच ठिकाणी फाटकाला कुलूप असतं आणि चावीवाला झोपलेला असतो. गच्ची खुली आहे का, पलंगाजवळ प्लग किती, आणि कोणत्या तारखेपर्यंत रद्द केलं तर पैसे परत, एवढंही विचारून घ्या आणि ठरलेलं व्हॉट्सॲपवर लिहून मागवा. किल्ला नर्मदेच्या उत्तर काठावर आहे, म्हणजे घाटांचं तोंड दक्षिणेला. मार्चमध्ये सूर्य जवळजवळ नेमका पूर्वेला उगवतो, त्यामुळे सकाळचं पहिलं ऊन भिंतीवरून तिरकं सरकतं आणि दगडातलं कोरीवकाम एकेक रेष उठून दिसतं. हा उजेड फार वेळ टिकत नाही. धुळवडीच्या दिवशी इथेच थांबा, रस्त्यावर फिरू नका.

गाडीचा हिशेब नीट समजून घ्या. बाहेरगावच्या टॅक्सीला बहुतेक ठिकाणी रोजचे किमान २५० किंवा ३०० किलोमीटर लावतात, वर चालकाचा रात्रीचा भत्ता. महेश्वरला गाडी दिवसभर उभी ठेवली तरी हेच पैसे. म्हणून गाडी फक्त बाजारांच्या दिवशी घ्या. बाकी बस. महाराष्ट्रातल्यासारखी एसटी शोधू नका, मध्य प्रदेशातलं परिवहन महामंडळ २००५ मध्येच गुंडाळलं गेलं, तेव्हापासून भिस्त खासगी बसवर.

पुण्या-मुंबईहून रेल्वेने येणाऱ्यांसाठी: आरक्षण आता १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. होळीच्या दिवसांत त्याच सकाळी बसा, आणि परतीचं तिकीट ज्या दिवशी उघडेल त्याचा गजर वेगळा लावा.

शेवटचे दोन दिवस इंदूर. गेर राजवाड्याच्या परिसरातून जाते, टँकरमधून रंग आणि तोफेसारख्या यंत्रांतून गुलाल उडतो. खोली राजवाड्यापासून पायी जाता येईल इतकी जवळ घ्या, त्या दिवशी रिक्षा आत येत नाही. एखाद्या गच्चीवर जागा मिळत असेल तर आदल्या दिवशी जाऊन घरमालकांशी बोलून ठेवा. कॅमेऱ्यावर रेनकव्हर, एकच झूम लेन्स, आणि ती रस्त्यात बदलायची नाही. गुलाल बसला तर ओल्या फडक्याने पुसू नका, आधी ब्लोअर, मग कोरडा ब्रश. आणि परतीची बस रंगपंचमीच्या दुपारची घेऊ नका, दुसऱ्या दिवशीची घ्या.