आधी पाय, मग हात: चिनी युद्धकला सुरू करणाऱ्यांचे प्रश्न

ताय-ची आणि कुंगफू नव्यानं शिकू लागलेल्या वडोद्यातल्या वाचकांची पत्रं या वेळी घेतली आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत. उत्तरं काही ठिकाणी लांबली आहेत, कारण तिथं घाई केली की गुडघे जातात.

प्रश्न: वय 61, राहणार कारेलीबाग. मोबाईलवर व्हिडिओ पाहून तीन आठवडे रोज 40 मिनिटं ताय-ची करतो आहे. आता उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतं, जिना उतरताना जास्त. हा तर सौम्य व्यायाम समजतात. सोडून देऊ का?

सोडू नका, पण दोन आठवडे पूर्ण फॉर्म, म्हणजे ठरलेल्या क्रमानं केलेली हालचालींची मालिका, करू नका. गुडघ्याला सूज असेल, तो मध्येच अडकत असेल किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, तर आधी अस्थितज्ज्ञांना दाखवा आणि मगच पुढचं वाचा.

‘सौम्य’ या शब्दानं पुष्कळांची फसगत होते. ताय-ची संथ असते, हलकी नसते. चालताना एका पायावरचा भार अर्ध्या सेकंदात दुसऱ्या पायावर जातो. इथं तोच भार वाकलेल्या एका पायावर तीन-चार सेकंद राहतो, आणि 40 मिनिटांत असं शेकडो वेळा होतं. मांडी भरून येणं, थरथरणं ठीक आहे. सांध्यात दुखणं अजिबात ठीक नाही.

गुडघा बिजागरीसारखा वाकतो आणि सरळ होतो. वळण्याचं काम खुब्याचं. तुमच्यासारख्या दुखण्यात नेहमी सापडणारी चूक अशी: वजन पुढच्या पायावर, तळवा जमिनीला घट्ट चिकटलेला, आणि तशातच धड वळवलं जातं. पाऊल हलत नाही, खुबा मोकळा नसतो, मग सगळा पीळ गुडघ्यात जातो. त्यावर उपाय एकच, आधी पाय रिकामा करायचा. वजन मागच्या पायावर न्या, पुढच्या पायाचा चवडा उचला, टाचेवर पाऊल 45 अंश बाहेर वळवा, चवडा टेकवा आणि मगच वजन पुढे आणा. व्हिडिओत हे सगळं एका दमात होतं, म्हणून डोळ्यांना दिसत नाही.

दुसरी चूक पावलाच्या रुंदीची. पुढच्या पावलाला चिनीत कुंग-पू म्हणतात, म्हणजे धनुष्यासारखा पवित्रा. यात दोन्ही टाचा एका रेषेत आल्या की माणूस दोरीवर चालल्यासारखा डुलतो आणि तोल सांभाळायला गुडघा आत पडतो. घरातल्या टाइल्सच्या जोडाची एक रेघ धरा. डावा पाय रेघेच्या डावीकडे, उजवा उजवीकडे, आणि दोन टाचांमध्ये आडवं अंतर एक वीत. लांबी सुरुवातीला स्वतःच्या दोन पावलांएवढी पुरे. पुढचा गुडघा बोटांच्या दिशेनंच वाकला पाहिजे आणि बोटांच्या पुढे जाता कामा नये. वरून पाहिलं की अंगठा दिसला पाहिजे. मागचं पाऊल साधारण 45 अंश बाहेर, वजन पुढे सत्तर टक्के, मागे तीस.

पाऊल फार लांब पडतं आहे का, हे पाहायची सोपी खूण आहे. टाच टेकवा आणि तिथंच थांबा. धड जरासुद्धा न हलवता ते पाऊल परत उचलता आलं, तर लांबी बरोबर. पाय धप्पकन पडला आणि उचलताच येईना, म्हणजे तुम्ही पाऊल टाकलं नाही, त्याच्यावर पडलात.

पुढचे दोन आठवडे एक हात कमरेवर ठेवून, दुसरा स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकवून, एवढंच करा: दर पायानं 10 पावलं, सकाळ-संध्याकाळ. जितकं वाकून दुखत नाही तितकंच वाका. खाली बसण्यात मोठेपणा नाही. उंच पवित्र्यातही ताय-ची पूर्णच असते.

प्रश्न: मी 19 वर्षांचा. सहा वर्षं आखाड्यात मल्लखांब आणि जोर-बैठका करतो. एका दमात 300 बैठका होतात. कुंगफूच्या वर्गात घोड्याच्या पवित्र्यात उभं केलं तर एक मिनिटसुद्धा टिकलो नाही. असं का?

यात तुझ्या ताकदीचा दोष नाही. बैठकेत स्नायू आवळतो आणि सुटतो, त्या सुटण्यात रक्त फिरतं. शिवाय खालून वर येताना हातांचा झोका आणि खालचा झटका मदत करतो, आणि टाचा उचललेल्या असतात. मा-पू म्हणजे घोड्याच्या पवित्र्यात यातलं काहीच नाही. स्नायू आवळलेला राहतो, रक्त अडतं, म्हणून आग लवकर पडते. टाचा खाली ठेवायच्या म्हणून घोटा ताणला जातो, आणि तुझा घोटा त्या कोनात कधी काम करत आलेला नाही.

चीनच्या उत्तरेकडच्या शाओलिन, छांग-छुआन वगैरे पद्धतींत दोन पावलांमधलं अंतर स्वतःच्या तीन पावलांएवढं असतं. बोटं सरळ पुढे, मांड्या जमिनीला समांतर, पाठ उभी, मुठी कमरेशी, तळवे वर. पण ही शेवटची आकृती आहे. तू दोन-अडीच पावलांचं अंतर घे आणि अर्धाच बस. 20 सेकंद उभा राहा, 40 सेकंद मोकळा चाल, असं पाच वेळा. दर तीन-चार दिवसांनी पाच सेकंद वाढव. आधी वेळ वाढवायची, खोली नंतर. दोन मिनिटं उंच पवित्र्यात शांतपणे झाली की मग चार बोटं खाली जा. उलट क्रमानं गेलास तर शरीर पळवाटा काढतं: बोटं बाहेर वळतात, ढुंगण मागे निघतं, छाती मांडीवर वाकते आणि श्वास अडतो. ढुंगण आणि छातीचं हे वाकणं भिंतीला पाठ लावून पाहता येतं. डोकं, पाठ आणि माकडहाड भिंतीला लागलेलं असेल तर सरळ आहेस. मात्र भिंतीवर भार टाकायचा नाही, ती फक्त पारखायला.

सहा वर्षांच्या मेहनतीतलं पुष्कळ कामी येईल. मल्लखांबानं मांडीच्या आतल्या बाजूला जी पकड दिली आहे, ती वर्गातल्या फार थोड्यांकडे असेल. ज्या शहरात राजरत्न माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाम मंदिरात पिढ्या घडवल्या, तिथल्या मुलानं पवित्रा म्हणजे काय हे नव्यानं शिकायचं नसतं. एक सवय मात्र मोडावी लागेल, छाती काढून खांदे चढवून उभं राहण्याची. जोर मारणाऱ्याच्या अंगात ती मुरलेली असते. चिनी पद्धतीत छातीचं हाड जरासं सैल सोडतात, पाठ वरपर्यंत लांब ठेवतात, कोपर जड. खांदा चढला की ठोसा हातापुरताच राहतो, पायातला जोर मुठीपर्यंत पोचत नाही.

आणि तुझी पद्धत कोणती, हे गुरूंना आधी विचार. दक्षिणेकडच्या विंग चुनमध्ये पवित्रा अरुंद असतो, बोटं आत वळलेली आणि गुडघे जवळ. दोन्हींचे व्हिडिओ पाहून मधला काहीतरी प्रकार केलास तर दोन्ही बिघडतील.

प्रश्न: दांडिया बाजारातून एक ताई विचारतात: ताय-चीचा 24 हालचालींचा फॉर्म शिकायला किती दिवस लागतील? व्हिडिओ पाहताना डावं-उजवं उलटं होतं.

हा फॉर्म 1956 साली चीनच्या सरकारी क्रीडा आयोगानं यांग पद्धतीवरून बसवला. जुने लांब फॉर्म सगळ्यांना झेपत नव्हते, म्हणून तो मुद्दाम छोटा केला. नीट केला तर पाच-सहा मिनिटांत होतो. आठवड्याला दोन हालचाली आणि मधूनमधून उजळणी धरली तर चार महिन्यांत लक्षात राहतो. लक्षात राहणं आणि जमणं यांत मात्र पुष्कळ अंतर आहे. चार महिन्यांनंतरच खरी दुरुस्ती सुरू होते.

समोरून घेतलेला व्हिडिओ नका वापरू. पाठमोरा शोधा, म्हणजे तुमचं डावं तेच त्यांचं डावं.

सुरुवातीच्या उभं राहण्यानंतर पहिली हालचाल येते ‘जंगली घोड्याची आयाळ विंचरणे’. ती तीनदा येते: डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. एवढी एक बरोबर बसली की पुढच्या पुष्कळशा हालचालींचे पाय आपोआप सुधारतात, म्हणून तिला पूर्ण दोन आठवडे द्या.

वजन उजव्या पायावर. उजवा हात छातीसमोर वर, तळवा खाली. डावा हात पोटासमोर, तळवा वर. मध्ये मोठं कलिंगड धरल्यासारखं. डावा पाय उजव्याजवळ ओढून चवडा टेकवा. आता धड डावीकडे वळू द्या, डाव्या पायाची टाच पुढे टेकवा, पण वजन अजून मागेच. मग वजन पुढे सरकवता सरकवता हात उघडा: डावा डोळ्यांच्या उंचीपर्यंत, तळवा तिरका वर, आणि उजवा खुब्याशेजारी, तळवा खाली. उजवी टाच जरा मागे ढकला म्हणजे मागचा गुडघा पिळणार नाही. मग उजव्या बाजूला जायचं तर पहिल्या उत्तरात सांगितलेलं तेच: मागे बसा, डावा चवडा 45 अंश वळवा, मग वजन त्याच्यावर.

सगळ्यांच्या हातून होणारी चूक म्हणजे हात आधी पोचतो आणि गुडघा मागाहून येतो. हात पूर्ण उघडणं आणि पुढचा गुडघा थांबणं, दोन्ही एकाच क्षणी झालं पाहिजे. जमत नसेल तर वेग अर्ध्यावर आणा.

श्वासाबद्दलही तुम्ही विचारलं आहे. नाकानं, नेहमीसारखा. हाताच्या वरखाली होण्याशी श्वास मोजून जुळवू गेलात तर पहिल्या सहा महिन्यांत तो फक्त अडतो.

प्रश्न: मांजलपूरच्या एक आई: मुलगी आठ वर्षांची. वूशूच्या (चिनी युद्धकलेचा स्पर्धेचा प्रकार) वर्गात पाय फाकवून बसवताना शिक्षक पाठीवर भार देतात. मुलगी रडते. हे असंच असतं का?

नाही. हे थांबवा. त्या वयात स्नायूंची टोकं जिथं हाडाला जोडलेली असतात ती जागा अजून कच्ची असते, आणि बाहेरून दाब दिला तर ओढून फाटणारी तीच असते. अंग गरम झाल्यावर, स्वतःच्या वजनानं, 20-30 सेकंद, दुखण्याच्या अलीकडे थांबून रोज केलं तर काही महिन्यांत पाय उघडतात. शिक्षकांशी एकदा शांतपणे बोला. ऐकलं नाही तर वर्ग बदला. या वयात लांब उभं राहणंही नको, 10-15 सेकंदांचे पवित्रे खेळासारखे बदलत राहिले की पुरे.

प्रश्न: कमाटीबागेत हिरवळीवर सराव करावा का? बूट कोणते?

हिरवळ दिसायला छान, पण सकाळी दवानं निसरडी असते आणि खालची जमीन खाचखळग्यांची. टाचेवर पाऊल वळवायचं असतं तेव्हा गवत ते धरून ठेवतं आणि पीळ गुडघ्यात जातो. बागेतली कडक, सपाट मातीची जागा किंवा फरसबंदी बरी. मे महिन्यात सातच्या आत उरका. पावसाळ्यात घराची ओसरी किंवा कोरडी खोली, ओली गच्ची नव्हे.

धावण्याचे जाड टाचेचे बूट नकोत, त्यांत माणूस पुढे झुकलेलाच उभा राहतो. पातळ, सपाट तळव्याचे साधे कॅनव्हासचे बूट घ्या. तळवा अगदी नव्या रबराचा असेल तर फार पकडतो, चार दिवस रस्त्यावर वापरून मग सरावाला घ्या. घरात कोटा फरशीवर अनवाणी चालेल, घामानं ओल्या ग्रॅनाइटवर नाही.

प्रश्न: रावपुऱ्यातले एक वाचक: शिक्षक चांगला कसा ओळखावा? आणि ताय-चीनं खरंच स्वतःचं रक्षण करता येतं का?

वर्गात एकदा नुसतं बसून पाहा. शिक्षक लोकांच्या पायांकडे पाहतो का? गुडघा आत पडला तर थांबवून सांगतो का? कोणती पद्धत शिकवतो, चेन, यांग, वू, सुन यांपैकी कोणती, आणि कुणाकडून शिकला, हे सरळ सांगतो का? हात न लावता माणसं उडवून दाखवणारा असेल तर परत जाऊ नका. रंगीत पट्टे दिले-न दिले याला महत्त्व नाही, या कलांच्या जुन्या परंपरेत पट्टे नव्हतेच.

संरक्षणाचं म्हणाल तर ताय-ची ही मुळात लढण्याचीच कला. हनान प्रांतातल्या चेनजियागोऊ गावात चेन घराण्याकडे ती होती, तिथं यांग लुचान शिकला आणि त्यानं पुढे बीजिंगमध्ये शिकवली. पण एकट्यानं फॉर्म करून कुणालाही स्वतःला वाचवता येत नाही. त्यासाठी थुई-शौ, म्हणजे जोडीनं हातांना हात लावून ढकलण्याचा सराव लागतो. तो नसलेल्या वर्गात आरोग्य मिळेल, लढणं नाही. सुरुवात अशी: दोघं समोरासमोर, उजवे पाय पुढे, उजव्या मनगटांच्या बाहेरच्या बाजू एकमेकींना टेकलेल्या. एकानं हळू समोरच्याच्या छातीकडे ढकलायचं, दुसऱ्यानं मागच्या पायावर बसत कंबर वळवून तो जोर बाजूला जाऊ द्यायचा, मग भूमिका बदलायच्या. स्पर्श सुटू द्यायचा नाही आणि अडवायचंही नाही. दोन्ही बाजूंना पाच-पाच मिनिटं. पहिल्या दिवशी बहुतेकांचा खांदा आधी ताठ होतो. तसं झालं की थांबा, हात खाली सोडा, आणि पुन्हा मनगटाला मनगट लावा.