उंदीर जिवंत असताना त्याच्या मेंदूत खोल उतरणाऱ्या रक्तवाहिन्या कशा पाहतात?

मी परभणीकडचा, हे काम चार वर्षं हाताने केलंय.

आधी या वाहिन्यांचं महत्त्व सांगतो. मेंदूच्या पृष्ठभागावर धमन्यांचं जाळं असतं. त्यातून बारीक धमन्या सरळ खाली, उंदराच्या जेमतेम १ मिलिमीटर जाड कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) उतरतात. आमच्या कापसाला ठिबक आहे. मेन पाइप दोन्हीकडून जोडलेला असला की एका जागी चोकअप झालं तरी पाणी फिरून येतं. लॅटरलच्या, म्हणजे ओळीत जाणाऱ्या बारीक नळीच्या, तोंडाशीच कचरा अडकला तर मात्र अख्खी ओळ माना टाकते. मेंदूचंही तसंच. २००७ साली अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड क्लाइनफेल्ड यांच्या गटाने प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांवर हे दाखवलं: खाली उतरणारी एकच धमनी बंद केली की तिच्याखालचा भाग उपाशी पडतो. माझी आजी मोठा झटका न येताच हळूहळू माणसं विसरत गेली, तेव्हापासून हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही.

आता पाहायचं कसं? टॉर्च तळहाताला टेकवून लावा. हात लाल उजळतो, पण आतलं हाड काही नीट दिसत नाही, कारण उजेड विखुरतो. म्हणून टू-फोटॉन मायक्रोस्कोप वापरतात. डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी तो १९९० साली मांडला. अवरक्त लेसर कमी विखुरतो, आणि दोन फोटॉन (प्रकाशाचे कण) एकदमच शोषले गेले तरच रक्तात सोडलेला रंग चमकतो. हे फक्त फोकसच्या ठिपक्यात घडतं, त्यामुळे वरचा-खालचा धूसरपणा येत नाही. साधारण अर्धा मिलिमीटर खोल स्वच्छ दिसतं. त्याहून बरंच खाली पाहायला थ्री-फोटॉन (तीन फोटॉन एकदम वापरणारा) मायक्रोस्कोप कामी येतो.

नैतिक समितीची परवानगी आणि भूल आधी. मग कवटीत छोटी खिडकी करून वर काच बसवायची, डोकं पट्टीला घट्ट धरायचं (नाहीतर श्वासागणिक चित्र हलतं) आणि शेपटीच्या शिरेतून फ्लुरेसीन-डेक्स्ट्रान हा चमकणारा रंग द्यायचा. रंग प्लाझ्मात (रक्ताच्या पातळ भागात) राहतो, लाल पेशी काळ्या सावल्यांसारख्या सरकतात. पृष्ठभागावरची धमनी फांदीसारखी दिसते. ती खाली वळली की पडद्यावर नुसता गोल, उजळ ठिपका उरतो.

नवीन मुलं इथेच फसतात. त्या ठिपक्यात रक्त तुमच्या नजरेच्याच दिशेने वाहतं, म्हणून लाइन-स्कॅनने (वाहिनीवरच्या एकाच रेषेवर लेसर पुन्हा पुन्हा फिरवून) तिथे वेग मिळत नाही. तिथे व्यास मोजा. वेग, धमनी खाली वळण्याआधीच्या आडव्या तुकड्यावर घ्या.