‘लायब्ररी अँग्झायटी’ : चिंता, भीती, संकोच की दडपण?

ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी गोव्यातील डिचोली परिसरातल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची पाहणी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे, की ‘लायब्ररी अँग्झायटी’ या संज्ञेला मराठीत ‘ग्रंथालयचिंता’ म्हणावे की ‘ग्रंथालयभीती’. प्रश्नावली मराठीतून द्यायची असल्यामुळे शब्द असा हवा, की तो वाचून उत्तर देणाऱ्याला नेमके काय विचारले आहे ते कळावे. माझ्या मते हे दोन्ही शब्द नकोत.

शब्द निवडण्यापूर्वी ही संज्ञा कोठून आली ते पाहिले पाहिजे. कॉन्स्टन्स मेलन यांनी अमेरिकेच्या दक्षिण भागातील एका विद्यापीठात दोन वर्षे केलेल्या अभ्यासावरचा लेख 1986 साली प्रसिद्ध झाला. सुमारे 6,000 विद्यार्थ्यांनी संदर्भ शोधताना आलेले अनुभव रोजनिशीसारखे लिहून काढले होते, आणि त्यांतील 75 ते 85 टक्के विद्यार्थ्यांनी ग्रंथालयाशी आलेल्या पहिल्या संबंधाचे वर्णन भीतीच्या किंवा अस्वस्थतेच्या भाषेत केले होते. इमारतीचा आवाका, कोणती वस्तू कोठे आहे याचे अज्ञान, सुरुवात कशी करावी आणि पुढे काय करावे हे न कळणे, ही कारणे त्यांनी दिली. त्याहून महत्त्वाचे असे, की इतरांना सगळे जमते, आपल्या एकट्यालाच जमत नाही, ही लाजेची गोष्ट आहे, आणि प्रश्न विचारला तर ती उघडी पडेल, असे त्यांना वाटत होते. म्हणजे या संज्ञेत भीती आहे, लाज आहे आणि लपवालपवीही आहे.

‘चिंता’ हा शब्द मानसशास्त्राच्या पुस्तकांत रुळलेला आहे हे खरे. पण ‘ग्रंथालयचिंता’ हा समास सोडवला, की ‘ग्रंथालयाची चिंता’ हाती येते, आणि ती विद्यार्थ्यांना नसते. अनुदान वेळेवर न आलेल्या वाचनालयाच्या कार्यवाहांना असते. ‘कन्येची चिंता’, ‘शेताची चिंता’ म्हणताना आपण ज्याची काळजी वाहतो त्याचे नाव घेतो, ज्याला घाबरतो त्याचे नाही.

‘भीती’ व्याकरणात बसते, कारण ‘चोरभय’प्रमाणे पंचमीचा अर्थ तिथे सहज लागतो, मात्र भीती इजा करणाऱ्याची असते आणि कपाटे कोणाला इजा करीत नाहीत. ‘धास्ती’ पुष्कळ जवळची आहे, पण ती पुढे येणाऱ्या प्रसंगाची असते, शिवाय तिच्यात लाजेचा अंश नाही.

आता ‘संकोच’. या शब्दाकडे माझा स्वतःचा ओढा होता आणि त्याला एक प्रसंग कारणीभूत आहे. मी पूर्वी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर बसत असे. पेडण्याकडची एक मुलगी तळहातावर पेनाने 891.46 हा आकडा लिहून कपाटांमधून अर्धा तास फिरत होती. ग्रंथांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणात तो मराठी साहित्याचा क्रमांक आहे आणि ती उभी होती इंग्रजी साहित्याच्या 820च्या रांगेत. मी कोकणीत विचारले, “कितें जाय?” (काय हवे?) तिने मूठ मिटली आणि म्हणाली, “कांय ना, अशेंच पळयतां.” (काही नाही, असेच पाहते आहे.) मेलन यांचा निष्कर्ष मी पुढे वाचला तेव्हा मला ती मिटलेली मूठ आठवली. सिराक्यूज विद्यापीठातील 1972 सालच्या स्वोप आणि कॅट्झर यांच्या पाहणीतही हेच दिसले होते, की मनात प्रश्न असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण तो ग्रंथपालाला विचारणार नव्हते.

तरीही ‘संकोच’ संज्ञा म्हणून अपुरा पडतो. पंगतीत दुसऱ्यांदा भात मागताना वाटतो तोही संकोचच आणि तिथे तो शिष्टाचार ठरतो. ‘बुजणे’ हे क्रियापद सुरेख आहे, गुरे बुजतात, तान्हे मूल परक्याला बुजते. पण त्याचे नाम ‘बुजरेपणा’ स्वभाव सांगते, आणि ग्रंथालयात गप्प राहणारी मुले कँटीनमध्ये मुळीच बुजरी नसतात. शिवाय शॅरन बॉस्टिक यांनी ‘लायब्ररी अँग्झायटी’ मोजण्यासाठी 1992 साली तयार केलेल्या 43 विधानांच्या मोजपट्टीत कर्मचाऱ्यांमुळे वाटणारे अडथळे, स्वतःच्या क्षमतेबद्दलची भावना, ग्रंथालयात वाटणारा मोकळेपणा, ग्रंथालयाची माहिती आणि यंत्रांच्या अडचणी असे पाच घटक आहेत. झेरॉक्सच्या यंत्राशी झगडताना होणाऱ्या मनःस्थितीला संकोच म्हणता येत नाही.

म्हणून ‘दडपण’. दडपणे म्हणजे वरून दाबणे. दडपे पोहे आपण ओल्या खोबऱ्यासह झाकून दाबून ठेवतो ते याच क्रियापदाचे. मनावरच्या ओझ्याचा अर्थ त्यातूनच आला. ते इमारतीचे असू शकते, माणसांचे, यंत्रांचे किंवा स्वतःच्या अज्ञानाचे. ते येते, वाढते, कमी होते, त्यामुळे मोजपट्टीला लागणारी सगळी क्रियापदे त्याला आयती मिळतात. ‘परीक्षेचे दडपण’ प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी असल्यामुळे ‘ग्रंथालयाचे दडपण’ समजावून सांगावे लागणार नाही. फक्त ‘ग्रंथालयदडपण’ असा सामासिक शब्द करू नये. संस्कृत शब्दाला देशी शब्दाचे असे ठिगळ कानाला खटकते. न विचारण्याच्या वृत्तीपुरता ‘संकोच’ वेगळा राखून ठेवावा.

कॅरल कुल्थाऊ यांच्या 1991 सालच्या लेखातील ‘अनसर्टन्टी’ या संज्ञेसाठी मात्र ‘दडपण’ वापरू नये. त्यांनी माहितीच्या शोधाचे सहा टप्पे सांगितले आणि विषय ठरल्यानंतर चाचपणी करताना गोंधळ वाढतो असे दाखवले. तो गोंधळ शोधाच्या प्रक्रियेतला आहे, घरी बसून वाचणाऱ्यालाही होतो; त्याला ‘अनिश्चितता’च म्हणावे.

प्रश्नावलीत आणखी एक खाचखळगा आहे. मेलन यांच्या विद्यार्थ्यांनी आपली अवस्था सांगताना वाट चुकल्याची भाषा केली होती. तिचे ‘मला हरवल्यासारखे वाटते’ असे भाषांतर झाले, तर मराठी वाचक ‘कुठे हरवलास?’ या प्रश्नातली तंद्री समजेल. ‘चुकल्याचुकल्यासारखे वाटते’ लिहिले, तर कोणाची तरी उणीव भासते असा अर्थ होईल. ‘मी भांबावून जातो/जाते’ हे योग्य. आणि मूळ 43 विधानांना धक्का न लावता, आरंभीच्या ओळखीच्या प्रश्नांत एक विधान कोकणीतूनच घालून पाहावे: ‘कोणें विचारलें जाल्यार हांव “अशेंच पळयतां” अशें सांगतां’ (कोणी विचारले तर मी ‘असेच पाहतो/पाहते आहे’ असे सांगतो/सांगते).