मेजर, त्या सर्टिफिकेटवर एम.ए.ला प्रवेश मिळत नाही

नमस्कार मेजर,

गावात सगळे याच नावाने हाक मारतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मीही तसंच लिहिते.

तुमचं पत्र साडेतीन पानांचं. त्यातली तीन पानं मुलाची: 12वी सायन्सला 68 टक्के, इंजिनिअरिंगला जायचंय, पैशाचं कसं जमवायचं. उरलेल्या अर्ध्या पानात तुम्ही. वय 40, नोकरी 22 वर्षं, चार महिन्यांपूर्वी नायक म्हणून पेन्शनवर कोरेगाव तालुक्यातल्या घरी आलात. 12वी आर्ट्स करून भरती झाला होतात. ‘रेकॉर्ड ऑफिसनं ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट दिलंय, त्यावर एम.ए. करून कुठं शिकवायला मिळेल का? नाहीतर हिंजवडीला सिक्युरिटीत बारा तासांची ड्यूटी आहे, तिकडं जातो.’

मुलाचं आधी आटोपते, कारण त्याची वाट बऱ्यापैकी सरळ आहे. माजी सैनिकांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला मुलांना महिन्याला 2500 आणि मुलींना 3000 रुपये मिळतात. 12वीला किमान 60 टक्के लागतात, ते त्याला आहेत. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर करायचा, आणि तोही पहिल्या वर्षाला असतानाच. दुसऱ्या वर्षी आठवण झाली तर उपयोग नाही. मागेल त्याला मिळतेच असं नाही, गुण आणि प्राधान्यक्रम पाहून निवड होते. सीईटीच्या प्रवेशात संरक्षण दलाचा कोटाही आहे. त्याचा दाखला साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळेल, सोबत तुमचा स्वतःचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला लागेल. तो काढायला वेळ जातो, म्हणून आजच अर्ज टाका.

आता तुमच्याबद्दल, जरा सविस्तर.

त्या सर्टिफिकेटवर एम.ए.ला प्रवेश मिळत नाही. हे ऐकून अनेक फौजींचा चेहरा पडलेला मी पाहिलाय, म्हणून स्पष्टच सांगते. मॅट्रिक आणि 15 वर्षांची सेवा असलेल्या माजी सैनिकाला, जिथं पदवी मागतात अशा गट ‘क’च्या (कारकून वगैरे) सरकारी नोकऱ्यांना अर्ज करता यावा, एवढ्यासाठी ते असतं. नोकरीच्या दारात ते पदवीसारखं चालतं, विद्यापीठाच्या दारात चालत नाही. आणि ज्या पदाला तांत्रिक शिक्षण किंवा अनुभव लागतो, तिथंही चालत नाही. तरी त्याची किंमत कमी समजू नका. राज्याच्या भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे, केंद्रात गट ‘क’ला 10 टक्के. केंद्राच्या गट ‘क’ला वय मोजताना तुमची 22 वर्षं आणि वर आणखी 3 वर्षं वजा होतात. म्हणजे वयाची काळजी तिथं नाही. फक्त पहिली सरकारी नोकरी विचार करून धरा, कारण केंद्राच्या नियमाप्रमाणे ती एकदा लागली की पुढच्या भरतीला माजी सैनिकाचं आरक्षण सहसा मिळत नाही. खासगी सिक्युरिटीनं ते जात नाही.

पण तुम्हाला शिकवायचंय. पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. बेळगावला ट्रेनिंग सेंटरवर तुम्ही तीन वर्षं उस्ताद, म्हणजे रंगरुटांचे शिक्षक होतात. नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, त्यांना कळेनात, तेव्हा तुम्ही लंगरमधून बटाटा आणला, त्याच्या आडव्या चकत्या केल्या आणि एकेक चकती कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली. डोंगर कागदावर उतरला. मेजर, हे कुठल्या कोर्समध्ये शिकवून येत नाही. ते तुमच्याकडे आहे, आणि तुम्ही ते बारा तास गेटवर उभं करणार?

माझं मत असं. यंदाच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घाला. 12वी आहेच, वयाची वरची अट नाही, पुस्तकं मराठीत असतात आणि ती घरी बसून वाचता येतील अशी लिहिलेली असतात. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठही चांगलं, पण तिथं हिंदी-इंग्रजीत वाचावं लागेल. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या कॉलेजच्या पदवीइतकीच धरली जाते, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. बी.ए. हातात आली की एम.ए. खुलं, आणि किमान 50 टक्के गुण असले तर बी.एड.ही. बी.एड. दोन वर्षांचं आहे, होईपर्यंत तुम्ही 45 चे. तेवढ्या वयात शाळेची कायम नोकरी मिळेलच असं मी म्हणणार नाही. तो निर्णय बी.ए.नंतर घेऊ.

पदवी होईपर्यंत रिकामं बसायची गरज नाही. सर्टिफिकेटवर गट ‘क’ची तयारी सुरू ठेवा. आणि सकाळी सैन्य भरतीच्या अकॅडमीत शिकवा. आपल्या जिल्ह्यात अशा अकॅडम्या खूप आहेत, पण पळवून घेणारे पुष्कळ आणि समजावून सांगणारे थोडे. पैसे हिंजवडीपेक्षा कमी मिळतील. पण पेन्शन चालू आहे, दुपार-संध्याकाळ अभ्यासाला मोकळी राहील, आणि घर सुटणार नाही. 22 वर्षं घराबाहेर काढल्यावर पुन्हा बाहेर पडायची घाई नको, असं मला मनापासून वाटतं.

‘बाप-लेक एकाच वर्षी फर्स्ट इयरला, लोक काय म्हणतील,’ असंही तुम्ही लिहिलंय. म्हणतील चार दिवस. कमवा आणि शिका ही गोष्ट कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच जिल्ह्याला शिकवली. ती फक्त पोरांसाठी होती असं मी मानत नाही. तुमच्या मुलाला विचारलंत का? मला वाटतं, त्याला आवडेल.

एक काम तुमच्या युनिटमधल्या मित्रांसाठी. ज्यांची शेवटची दोन वर्षं राहिलीत, त्यांना पुनर्वसन महासंचालनालयाच्या कोर्सला नाव द्यायला सांगा. जवानांना फी पडत नाही. घरी आल्यावर पश्चात्ताप करणारे फार भेटतात.

भेटायला याल तेव्हा डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), माजी सैनिकाचं ओळखपत्र आणि 12वीची मार्कशीट घेऊन या. मार्कशीट सापडत नसेल तर बोर्डाकडे दुय्यम प्रतीचा अर्ज आधी करा, प्रवेशाची मुदत थांबत नाही. मुलालाही सोबत आणा, दोघांचे फॉर्म एकाच बैठकीत भरू.