फासे आणि प्रश्न : भगताला कोणी मंत्र म्हणूच देत नाही

प्रश्न : दादा नमस्कार, आम्ही भुसावळचे सहा जण दर रविवारी दुपारी फॅन्टसी रोलप्लेइंग, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर गोष्ट खेळायचा खेळ, खेळतो, डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा मीच. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सवरून ढापलेत पण जग आपलं, सातपुड्यातलं. काउंटरचा, म्हणजे दुसऱ्याचा मंत्र तोडायचा, नियम सोप्पा ठेवला होता, समोरच्याने मंत्र टाकला की तेवढ्याच लेव्हलचा स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी शिल्लक) जाळायचा, मंत्र खल्लास, फासा-बिसा काही नाही. झालं काय, सहा महिने पोसलेला माझा व्हिलन काळा भगत शेवटच्या लढाईत तीन राउंड नुसते हात हलवत उभा राहिला आणि मेला. मग मी त्याच्या भावाला काउंटरवाले दोन चेले दिले, तर आमच्यातली एक जण पाऊण तासात एकही मंत्र पडला नाही म्हणून शेव-मुरमुरे खात मोबाईल बघत बसली. काउंटर काढूनच टाकू का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : काढू नको रे भो, तुझा हिशोब तेवढा चुकलाय. मंत्र टाकणाऱ्याचा स्लॉट गेला, पाळी गेली, आणि पुढची पाळी येईस्तोवर बाकीच्यांचं बघत बसायचं. तोडणाऱ्याचा गेला फक्त स्लॉट. त्यात भगत एकटा, तो राउंडला एक मंत्र टाकणार आणि तुझ्या पाच पोरांत तीन जण जरी तोडणारे असले तरी तीन जण टपून बसलेले, मग कशाला पडेल बिचाऱ्याचा मंत्र. चेले देऊन तू तोच अन्याय उलटा केलास बस.

ज्या खेळातून ढापलंयस त्यांनाही हे एका फटक्यात जमलेलं नाही बरं. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत तोडायचं तर आधी आपली पाळी राखून ठेवायची, समोरचा कोणता मंत्र टाकतोय ते 15 अधिक मंत्राची लेव्हल एवढा फासा पाडून ओळखायचं, आणि वर तोच मंत्र आपल्याकडे पाहिजे, नाहीतर डिस्पेल मॅजिक हा जादू उतरवायचा मंत्र वापरून नशीब बघायचं. माझा जादूगार असाच चार राउंड वाट बघत उभा होता, समोरच्याने मंत्र टाकलाच नाही, गदा घेऊन अंगावर आला. त्यानंतर मी काउंटरच्या नादी लागलो नाही.

2014 ला एकदम दुसरं टोक. पाळी लागत नाही, राउंडला एकदाच मिळणाऱ्या झटपट कृतीत, म्हणजे रिअ‍ॅक्शनमध्ये काम होतं, साठ फुटांच्या आत मंत्र टाकणारा दिसला पाहिजे. तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा मंत्र आपोआप तुटतो, त्यावरचा असेल तर वीस बाजूंचा फासा आणि टार्गेट 10 अधिक मंत्राची लेव्हल. तुझा बोनस (फाशात मिळवायचा आकडा) +4 असेल तर पाचव्या लेव्हलच्या मंत्राला 11 पाडायचे, म्हणजे निम्मा चान्स, आणि नवव्या लेव्हलला 15, म्हणजे 30 टक्के. मोठा स्लॉट जाळला तर तेवढ्या लेव्हलपर्यंत पुन्हा आपोआप, आणि तू नेमका हाच भाग उचललास. 2024 ला त्यांनी बदललं, आता मंत्र टाकणारा कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह, म्हणजे अंगातल्या दमावर बचावाचा फासा, टाकतो, हरला तर पाळी जाते पण स्लॉट वाचतो. मला हे आवडलं, कारण ज्याचं नुकसान होतंय त्याच्याच हातात फासा येतो, नुसतं बघत बसावं लागत नाही.

आता आमच्या टेबलावर जळगावात काय करतो ते सांगतो. टेबलाच्या मधोमध खरीखुरी तीन लिंबं ठेवतो, उताऱ्यासाठी. पूर्ण टीमला मिळून तीन, माणशी नाही. कोणाला मंत्र तोडायचा असेल त्याने स्लॉट जाळायचा आणि एक लिंबू उचलून डीएमपुढे ठेवायचं, मग दोघांनी फासा टाकायचा. ते लिंबू आता डीएमचं झालं, त्याचा भगत ते वापरून तुमचा मंत्र तोडू शकतो, आणि वापरलं की लिंबू परत मध्ये. सुरुवातीला डीएमकडे एकही नसतं. ह्याने झालं असं की पोरं फालतू मंत्राला हातच लावत नाहीत, उलट आपसात भांडतात, अरे थांब रे हे लिंबू मोठ्या मंत्राला ठेव. आणि मंत्र तुटला तर स्लॉट परत, हे 2024 वालं आम्हीही घेतलंय. उन्हाळ्यात लिंबं महाग झाली की डीएम कुरकुर करतो तो भाग वेगळा.

अजून एक, मंत्राचं नाव आधी सांगू नको. भगत अग्नीचा मंत्र टाकतोय म्हणालास की सगळे लिंबाकडे झेपावणार. त्यापेक्षा म्हण, भगताने मुठीत राख घेतली, ओठ हलतायत. तोडायचं का ते आधी ठरवा, नाव मग कळेल. 2017 च्या एका पुस्तकात मंत्र ओळखायलाही रिअ‍ॅक्शनच लागते, म्हणजे ओळखणारा स्वतः तोडू शकत नाही, त्याने ओरडून दुसऱ्याला सांगायचं. आमच्याकडे ह्यावरून लय धमाल होते.

आणि जागा वापर ना भाऊ! लढाई मोकळ्या माळावर ठेवलीस तर साठ फूट सगळंच दिसणार. तीच रावेरकडच्या केळीच्या बागेत ने. पाच बाय पाच फुटांवर लावलेली बाग धरली तर साठ फूट म्हणजे बारा ओळी, आणि भरल्या बागेत तीन-चार ओळींपुढे नुसती पानं. भगत पानाआड गेला की कोणी काउंटर करू शकत नाही, त्याला शोधायला आत शिरावं लागतं. नियमात एक अक्षर बदललं नाही तरी अर्धं काम झालं.

प्रश्न : काउंटरला काउंटर चालतं का? आमच्यात ह्यावरून जोरात वाद झालाय.
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : 2014 च्या नियमात चालतं, स्वतःच्या पाळीत सुद्धा, रिअ‍ॅक्शन शिल्लक पाहिजे फक्त. 2024 मध्ये एका पाळीत एका जणाला मंत्रासाठी एकच स्लॉट जाळता येतो, म्हणून स्लॉटवाला मंत्र टाकणारा स्वतः आपला मंत्र वाचवू शकत नाही, दोस्ताने वाचवला तर चालतं. आम्ही एक काउंटर आणि त्याला एक उत्तर एवढ्यावर थांबतो, नाहीतर एका मंत्रात चहा थंड होतो. तुमच्या वादात कोण जिंकलं ते नक्की कळवा.