खालची दाढ काढल्यानंतर इम्प्लांट करावे की ब्रिज?

आपले वय ४६, खालची पहिली दाढ चार महिन्यांपूर्वी काढलेली, मधुमेहाची गोळी चालू. एका डॉक्टरांनी इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) सुचवले, दुसऱ्यांनी ब्रिज (शेजारच्या दातांना जोडलेला दात), तर कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे. मी दंतवैद्य आहे. माझे मत असे की, दोघांपैकी कोण बरोबर हे गेलेल्या दाढेवरून ठरत नाही, तिच्या दोन्ही बाजूंच्या दातांवरून ठरते आणि त्यांच्याविषयी आपण प्रश्नात काहीच लिहिलेले नाही.

ब्रिजमध्ये शेजारच्या दोन दातांवर कॅप बसते आणि मधला कृत्रिम दात त्या दोन कॅपना जोडलेला असतो. कॅपला जागा मिळावी म्हणून ते दात बाजूंनी साधारण १ ते १.५ मिलिमीटर आणि चावण्याच्या पृष्ठभागावर १.५ ते २ मिलिमीटर घासावे लागतात, आणि घासलेले इनॅमल पुन्हा येत नाही. शेजारचे दात कधीही न किडलेले, न भरलेले असतील, तर एका गेलेल्या दाढेपायी दोन निरोगी दात घासणे मला पटत नाही. अशा वेळी मी इम्प्लांटच सुचवतो. उलट त्या दातांचे रूट कॅनल झालेले असेल, किंवा त्यांत मोठे सिमेंट भरलेले असून आज ना उद्या कॅप लागणारच असेल, तर ब्रिज हा अगदी योग्य उपाय आहे आणि तो दोन-तीन भेटींत पूर्णही होतो.

ब्रिज किती टिकेल हे मुख्यतः त्याच्या खालच्या स्वच्छतेवर अवलंबून असते. जुने ब्रिज काढताना पुष्कळदा असे दिसते की वरून कॅप चकचकीत आहे, परंतु तिच्या कडेपाशी आतला दात काळा पडून मऊ झालेला आहे. त्या दाताचे रूट कॅनल झालेले असेल, तर तो दुखत नाही आणि रुग्णाला कीड कळतच नाही. म्हणून ब्रिज केल्यास मधल्या दाताखालून रोज सुपरफ्लॉस (ब्रिजखालून ओवता येणारा दात साफ करायचा धागा) किंवा दातांच्या फटींत जाणारा बारीक ब्रश फिरवावा लागेल, हे आधीच मान्य करून मगच तो करावा.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड टायटॅनियमला घट्ट धरून वाढते, हे स्वीडनच्या ब्रोनमार्क यांनी १९५०च्या दशकात पाहिले आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. आजची पद्धत त्याच तत्त्वावर उभी आहे. खालच्या जबड्यात हाड धरायला साधारण तीन महिने द्यावे लागतात, त्यानंतर वर कॅप बसते. इम्प्लांट किडत नाही, परंतु त्याच्याभोवतीची हिरडी सुजून हाड झिजू शकते, आणि हे तंबाखू किंवा सिगारेट सोडू न शकणाऱ्यांत जास्त दिसते. मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट नाकारण्याचे कारण नाही; मात्र तीन महिन्यांची सरासरी साखर ताब्यात नसेल, तर ती ताब्यात येईपर्यंत थांबावे. हाडांच्या ठिसूळपणासाठी इंजेक्शन घेतलेले असेल किंवा जबड्याला रेडिएशन दिलेले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्याने सगळा निर्णय बदलू शकतो.

चार महिने झाले आहेत, त्यामुळे घाबरून उद्याच निर्णय घेण्याची गरज नाही, पण वर्षभर लांबणीवरही टाकू नये. दाढ काढल्यानंतर पहिल्या वर्षात तेथील हाडाची रुंदी बरीच कमी होते, मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलते आणि वरची दाढ खाली उतरू लागते. मग दोन्ही उपाय अवघड होतात. इम्प्लांटपूर्वी त्या भागाचा सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) करावा, कारण खालच्या जबड्यातून ओठ आणि हनुवटीच्या संवेदनेची नस जाते आणि स्क्रू तिच्यापासून किमान २ मिलिमीटर दूर राहायला हवा.

खर्चाच्या बाबतीत, इम्प्लांट सुरुवातीला महाग पडते हे खरे. मात्र ब्रिज पुढे बदलावा लागला तर खर्च पुन्हा तीन दातांचा होतो, हेही हिशेबात धरावे. आणि इम्प्लांट केलेच, तर त्याच्या पाकिटावरचे कंपनीचे नाव, लांबी, व्यास आणि लॉट क्रमांक असलेले स्टिकर डॉक्टरांकडून मागून घेऊन आपल्या फाइलमध्ये चिकटवून ठेवावे. काही वर्षांनी कॅप इम्प्लांटला जोडणारा वरचा छोटा स्क्रू सैल झाला आणि आपण तेव्हा दुसऱ्या गावी असाल, तर तेथील दंतवैद्याला त्याच कंपनीचा सुटा भाग त्यावरूनच मागवता येतो.