माजी सैनिकाच्या मृत्यूची नोंद आणि मेडिकल कागद : शोधायचे कुठे?

प्रश्न : माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून १९८४ मध्ये हवालदार म्हणून डिसेबिलिटी पेन्शनवर घरी आले. २०११ मध्ये पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये ते वारले. मृत्यूचा दाखला आईने तेव्हा बँकेत दिला, घरी झेरॉक्सही राहिली नाही. आईला साधी फॅमिली पेन्शन मिळते. स्पेशल फॅमिली पेन्शनसाठी (सेवेशी जोडलेल्या आजाराने मृत्यू झाल्यास मिळते ती) मृत्यूचं कारण आणि सर्व्हिसमधले मेडिकल कागद लागतील असं कळलं. आमच्या ग्रामपंचायतीत तर मृत्यूची नोंदच सापडत नाही. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, ता. कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : ग्रामपंचायतीत नोंद नसणारच. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे मृत्यू ज्या हद्दीत झाला तिथल्याच निबंधकाकडे तो नोंदला जातो. अंत्यविधी गावी झाला, रेशनकार्ड गावचं आहे, याने काही फरक पडत नाही. कमांड हॉस्पिटल वानवडीला आहे, त्यामुळे आधी पुणे कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या जन्म-मृत्यू विभागात जा. (खडकीच्या मिलिटरी हॉस्पिटलात मृत्यू झाला असेल तर खडकी कॅन्टोन्मेंट बोर्ड, कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या हॉस्पिटलात झाला असेल तर मुंबई महापालिकेचा ए वॉर्ड.) तारीख नक्की माहीत नसेल तर अंदाजे महिना सांगून रजिस्टरचा शोध मागा, कायद्याच्या कलम १७ मध्ये तशी तरतूद आहे. नावाने सापडलं नाही म्हणून परत फिरू नका. हॉस्पिटलातून गेलेला रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि आडनाव कसंही उतरलेलं असतं. तारीख आणि हॉस्पिटल धरून पानं बघायला सांगा. शोधूनही नोंद मिळाली नाही तर तोंडी उत्तरावर थांबू नका, अनुपलब्धतेचं लेखी प्रमाणपत्र घ्या. वर्षाहून जुना मृत्यू नव्याने नोंदवायचा झाल्यास तेच प्रमाणपत्र पुढे जोडावं लागतं. त्या नोंदणीला आता जिल्हादंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीआधी हे काम प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतं. तुमच्या बाबतीत मात्र दाखला एकदा निघालेला आहे, तेव्हा नोंद आहेच. तो बँकेच्या पेन्शन फाइलमध्येही असायला हवा, तिथेही लेखी मागणी करा.

दाखला हाती आला की लोकांची निराशा होते, कारण त्यावर मृत्यूचं कारण नसतं. ती कुणाची चूक नाही. दाखल्यावर कारण उघड करायचं नाही, असं कलम १७ मध्येच म्हटलं आहे. कारण असतं ते नमुना ४ मध्ये, म्हणजे डॉक्टरांनी भरलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्रात. घरी मृत्यू झाला असेल तर नमुना ४-अ. याची नक्कल हॉस्पिटलकडे मागायची, आणि तिच्यासोबत डेथ समरी, म्हणजे शेवटच्या आजाराचा आणि उपचारांचा गोषवारा.

नमुना ४ नीट वाचा. त्यात पहिल्या भागात अ, ब, क अशा ओळी असतात. ‘अ’मध्ये शेवटचं, तात्कालिक कारण, खालच्या ओळींत ते ज्याच्यामुळे उद्भवलं तो मूळ आजार. दुसऱ्या भागात सोबतचे इतर आजार. तुमच्या कामाची ओळ पहिल्या भागातली सर्वांत खालची. पुष्कळ प्रमाणपत्रांत नुसतं ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहून खालच्या ओळी कोऱ्या सोडलेल्या असतात. श्वास आणि हृदय प्रत्येक माणसाचं थांबतं, त्यावरून आजार कळत नाही, आणि दावा इथेच अडकतो. असं असेल तर डेथ समरी आणि केस शीट यांवर भर द्या. आधीचा आजार किती वर्षांचा, हे तिथे लिहिलेलं असतं. हॉस्पिटलला अर्ज करताना भरती आणि मृत्यूची तारीख, वॉर्ड आणि जमल्यास ए अँड डी बुकचा (भरती-डिस्चार्ज रजिस्टरचा) नंबर द्या. हा नंबर जुन्या डिस्चार्ज स्लिपवर असतो. वडील त्याआधी कधी तिथे भरती होते का, त्या स्लिपा घरात शोधा.

आता सर्व्हिसमधले कागद. ते हॉस्पिटलात मिळणार नाहीत. नोकरीतलं मेडिकल डॉक्युमेंट आणि निवृत्तीनंतरच्या उपचारांचे कागद या दोन वेगळ्या फायली आहेत, आणि त्या एका छताखाली नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. (तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. नौसैनिकांसाठी मानखुर्दच्या चिता कॅम्पमधला ब्युरो ऑफ सेलर्स, हवाई दलासाठी दिल्लीत सुब्रोतो पार्कचं रेकॉर्ड ऑफिस.) तिथे मागायचा कागद म्हणजे रिलीज मेडिकल बोर्डाची कार्यवाही, फॉर्म एएफएमएसएफ-१६. आजाराचं नाव, अपंगत्वाचे टक्के आणि आजार सेवेमुळे झाला, सेवेमुळे वाढला की दोन्ही नाही, हे बोर्डाने त्यात नोंदवलेलं असतं. ‘दोन्ही नाही’ याला फौजेत ‘नाना’ म्हणतात. या फॉर्ममधला आजार आणि नमुना ४ च्या खालच्या ओळीतला आजार जुळला, किंवा एकातून दुसरा उद्भवला असं वैद्यकीयदृष्ट्या दाखवता आलं, तरच स्पेशल फॅमिली पेन्शनच्या अर्जात जीव येतो. न जुळल्यास नुसत्या डिसेबिलिटी पेन्शनच्या आधारावर ती मिळत नाही, हे आईंना आधीच स्पष्ट सांगा.

पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश (पेन्शन पेमेंट ऑर्डर), जवळ आहे ना? त्याच्या नंबराची सुरुवात बघा. ‘एस’ म्हणजे सर्व्हिस पेन्शन, ‘डी’ म्हणजे डिसेबिलिटी, ‘एफ’ म्हणजे फॅमिली. ‘डी’चा पीपीओ असला तर बोर्डाचे कागद तेव्हा अलाहाबादच्या संरक्षण लेखा कार्यालयातही गेलेले असतात, म्हणजे शोधायला आणखी एक जागा मिळते. ते आजचं पीसीडीए (पेन्शन), प्रयागराज.

बेळगावच्या अर्जावर आर्मी नंबर शेवटच्या अक्षरासकट लिहा. ते अक्षर तपासणीचं असतं. गाळलं की चुकीचा माणूस निघण्याची किंवा ‘माहिती जुळत नाही’ असं उत्तर येण्याची शक्यता वाढते. सुभेदार वगैरे होऊन निवृत्त झालेल्यांना जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) होताना नवा नंबर मिळालेला असतो, त्यांनी दोन्ही द्यावेत. नंबर, रँक, नाव, बटालियन, डिस्चार्जची तारीख, पीपीओ नंबर, सोबत मृत्यूचा दाखला आणि डिस्चार्ज बुकच्या पानांची झेरॉक्स. अर्ज तुमच्या नावाने नको, आईंच्या सहीने जाऊ द्या. रेकॉर्डमध्ये पत्नी म्हणून त्यांचं नाव पार्ट टू ऑर्डरने (लग्न, मुलं अशा नोंदी चढवणाऱ्या लष्करी आदेशाने) चढलेलं असतं. मुलाच्या अर्जावर ‘तुम्ही कोण’ हा पत्रव्यवहार सुरू होतो आणि महिने जातात. आईंचं माहेरचं नाव किंवा जन्मतारीख रेकॉर्डला वेगळी लागली असेल तर तो फरक मिटवण्याचं प्रतिज्ञापत्र आत्ताच जोडा. अर्जावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र लावून घ्या. फौजी मसुदा त्यांना रोजचा आहे.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. फी १० रुपये, झेरॉक्स पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस, नंतर ३० दिवसांत पहिलं अपील. ‘कागद नियमाप्रमाणे नष्ट केले’ असं उत्तर आल्यास तिथेच थांबू नका. पेन्शन नसलेल्यांचे सेवा कागद २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. पेन्शनरला तो मुदतीचा नियम तसाच लावता येत नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या आदेशाने, अधिकाऱ्यांच्या कोणत्या बोर्डाने नष्ट केले, त्या कार्यवाहीची प्रत मागा. आणि लाँग रोलचा, म्हणजे रेजिमेंटच्या सैनिकांच्या मूळ नोंदवहीचा, उतारा मागा. तो कायम ठेवायचा असतो. त्यात मेडिकल तपशील नाही, पण कशामुळे डिस्चार्ज मिळाला ते कळतं.

प्रश्न : काका ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) यादीतल्या खासगी हॉस्पिटलात वारले. हॉस्पिटल म्हणतं, ‘बिल ईसीएचएसने भरलं, कागद त्यांच्याकडे मागा.’ — पिंपरी

उत्तर : बिल कुणीही भरलं तरी केस पेपर पेशंटचा आहे. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटची नोंद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवायची आणि मागणी झाल्यावर ७२ तासांत द्यायची असते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, काकूंचं ओळखपत्र आणि मृत्यूचा दाखला जोडा. ३ वर्षं उलटत आली असतील तर हे काम आधी करा, बाकी सगळं नंतर. हॉस्पिटलने खरोखरच कागद ठेवले नसतील तर ईसीएचएसच्या प्रादेशिक केंद्राकडे जा. बिल मंजूर व्हायला डिस्चार्ज किंवा डेथ समरी आणि ईसीएचएसच्या दवाखान्याचं, म्हणजे पॉलिक्लिनिकचं, रेफरल जोडावंच लागतं, म्हणजे क्लेमच्या फाइलमध्ये ते असणार. कार्ड नंबर आणि भरतीची तारीख द्या. पॉलिक्लिनिकमध्ये औषधांची जुनी नोंदही मागून बघा. मधुमेह किंवा रक्तदाब कधीपासून होता, हे तिथून सिद्ध होतं.

प्रश्न : पणजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेले ते परत आलेच नाहीत. घरी फक्त एक पदक आहे. काही सापडेल का? — चिपळूण

उत्तर : कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची युद्धात वारलेल्या सैनिकांची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. दुसऱ्या महायुद्धासाठी ती ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातल्या मृत्यूंची आहे. त्या काळानंतर वारलेले सैनिक तिच्यात नाहीत. आडनावावरून शोधू नका. त्या काळी नाव आणि वडिलांचं नाव एवढंच लिहिलेलं असायचं, ‘रामा’चा ‘रामू’ही झालेला असतो. रेजिमेंट ‘फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्री’, देश इटली आणि साल टाका, मग गावाचं नाव जुळतं का ते बघा. हिंदू सैनिकांचं दहन झाल्यामुळे बहुतेकांची स्वतंत्र कबर नाही. नावं सांग्रो नदीजवळच्या दहन-स्मारकावर, फोर्लीच्या भारतीय युद्ध-दफनभूमीतल्या दहन-स्मारकावर किंवा कासिनोच्या स्मारकावर कोरलेली आहेत. या यादीत मेडिकल माहिती मिळत नाही; सर्व्हिस नंबर, पलटण, तारीख मिळते. तो नंबर घेऊन बेळगावला लाँग रोलचा उतारा मागा. पदकाचा फोटो मात्र सोबत पाठवू नका, आधी त्याची कड भिंगाखाली बघा. नंबर आणि नाव कोरलेलं असेल तर ते जसंच्या तसं, स्पेलिंग न सुधारता, अर्जात उतरवा.